खुबे

डॉक्टर म्हणाले, खुबा बदलावा लागेल.
मी हसले. त्यांना वाटलं, घाबरले.

आमच्या सांकवाळात खुबे म्हणजे
ओहोटीला झुआरीच्या चिखलात मिळतात ते,
टोपलीत खुळखुळणारे, संध्याकाळी खोबऱ्यात परतलेले.
चाळीस वर्षं उकिडवी बसून तेच उकरले
शाळेला सुट्टी असली की.
हजारो नेले मी त्यांचे.
त्यांनी माझा एक मागितला.

एक्स-रे उजेडावर धरला तेव्हा
तो जुन्या खिडकीतल्या शिंपल्यासारखा दिसला,
धुरकट, कडा झिजलेल्या.
पलीकडचं काहीच नीट दिसेना.

शुद्धीवर आल्यावर विचारलं, जुना कुठंय?
नर्स म्हणाली, जाळतात बाई, नियम आहे.
बरं.
आमच्याकडेही शिंपल्या जाळूनच चुना करत.
कुणाच्या भिंतीला लागलाच
तर पांढरा लागो.

मग काटकोन.
तीस वर्षं फळ्यावर काढला मी तो,
कोपऱ्यात छोटा चौकोन करून,
आणि आता माझ्याच मांडीत येऊन बसला:
नव्वदच्या पुढे वाकायचं नाही,
पायावर पाय टाकायचा नाही,
उकिडवं तर या जन्मात नाही.
झोपेत गुडघ्यांच्या मधे लोड,
जसं काही दोन पायांचं जुनं भांडण.
मोजा चढवायला दोरी लावलेलं प्लॅस्टिकचं पन्हाळं.
हातातून पेन पडलं, ते तीन दिवस
माझ्याकडे बघत होतं,
मी त्याच्याकडे.

फिजिओ म्हणून आला लॉइड,
माझाच विद्यार्थी, भूमितीत बारा मार्क.
रोज सकाळी पोदेराच्या भोंग्यापाठोपाठ:
"टीचर, आधी टाच. मग बोटं."
उत्तर चुकलं की तसाच थांबायचा,
मी थांबायचे तसा.
वॉकरने दारापर्यंत.
वॉकरने तुळशीपर्यंत.
काठीने कायतानच्या दुकानापर्यंत;
तिथलं स्टूल फार बुटकं,
म्हणून गावाच्या सगळ्या बातम्या उभ्यानंच ऐकल्या.
एक दिवस काठी तिथेच विसरून घरी आले.
ओरडला लॉइड,
नाचला लॉइड.
मी आपली काठी शोधत होते.

फाल्गुनात एस्परान्स कुंपणापाशी आली.
"सुकती दहाला आहे. येतेस?"
"मला बसता येत नाही गं."
"बस म्हणून कोण सांगतंय?"

उतारावर माझं तोंड कोरडं पडलं.
चिखल काठी गिळतो, परत द्यायला वेळ लावतो.
तिनं हात नाही दिला,
टोपलीचा एक कान दिला,
दुसरा स्वतः धरला.
बरं केलं.

कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले.
अंग हलकं झालं; नदीनं अर्धी मी उचलून घेतली.
आधी टाच. मग बोटं.
त्या आतल्या गोळ्याला नदी कळत नाही,
त्याला गारवा नाही, कळ नाही, अमावास्या नाही.
कळलं ते अंगठ्याला:
काहीतरी गोल. बंद. ओळखीचं.
"इथे," मी म्हणाले.
एस्परान्स बुडली, वर आली, मूठ उघडली.
"इथे."
"अगं, थोडं डावीकडे. इथे."
सत्तरीची बाई बुड्या मारतेय
आणि मी ताठ उभी राहून जागा दाखवतेय;
काठावरच्या पोरांना वाटलं असेल
टीचरनं हिला शिक्षा केलीय.

अर्धी टोपलीच मिळाली. पूर्वी दोन भरायच्या.

रात्री तिच्या स्वयंपाकघरात, उंच खुर्चीवर मी.
पातेल्यात एकेक उघडायला लागला.
जो उघडत नाही तो टाकून द्यायचा,
हे तिला माहीत, मला माहीत,
दोघी बोललो नाही.
मीठ घ्यायला उठले.
टक्.

एस्परान्सने झाकण वर करून पाहिलं.
"तुझा की यांचा?"

आम्ही कान देऊन उभ्या राहिलो.